आठ मॅचवर कुणाला नापास करायचं?

पत्र

ताई, मी सांगलीची. सध्या अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस. करतेय आणि इथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रासाठी मुलींच्या बास्केटबॉल टीमबद्दल लिहिते. नोव्हेंबरमध्ये सीझन सुरू झाला. आठ मॅच झाल्या, सहा जिंकलो, दोन हरलो. आता संपादकाला बाराही मुलींचं 'प्रगतिपुस्तक' हवंय, प्रत्येकीपुढे 'ए' ते 'एफ' अशी ग्रेड. मी ते तयारही केलं. पहिल्या वर्षाची एक गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ जुळवणारी) आहे. तिने २२ थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारायचे तीन गुणांचे बॉल) मारले, त्यातले ४ आत गेले. तिला 'डी' दिली. दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळून आमच्याकडे आलेल्या एका मुलीचे २० पैकी ११ गेले, तिला 'ए प्लस'. (जुन्या कॉलेजात तिचे २५० पैकी ७८ गेले होते.) परवा मेसच्या रांगेत ती 'डी'वाली माझ्या पुढेच उभी होती. तिने मला ट्रे काढून दिला आणि हसली. मी कोण, हे तिला माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "लोकांच्या लेकींना नापास करणारी तू कोण?" सोमवारी मजकूर द्यायचाय. ग्रेड देणंच चूक आहे, की माझी पद्धत चुकतेय? सोबत पूर्ण तक्ता पाठवतेय.

— सांगलीची वाचक

उत्तर

प्रिय सांगलीकर,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तक्ता त्याहून जास्त वेळा. ग्रेड देऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मुलींच्या खेळाबद्दल लिहायचं मात्र सोडू नकोस. आईचं बोलणं काळजीपोटी आहे आणि अर्धं बरोबरही आहे. राहिलेलं अर्धं असं, की या मुली हजारो लोकांपुढे खेळतात, आणि त्यांच्याकडे कुणीतरी नीट, मन लावून पाहावं हा त्यांचा हक्क आहे. बहुतेक लोक फक्त स्कोअर पाहून घरी जातात. तुला त्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, तेव्हा आधी तुझ्याच घरचा हिशेब. समज, ही पहिल्या वर्षाची मुलगी खरोखर चांगली शूटर आहे, दर तीन थ्रीमागे एक घालणारी. अशा मुलीने २२ वेळा बॉल मारला, तर ४ किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता किती? मी कागदावर मांडून पाहिलं, जवळजवळ १० टक्के येते. म्हणजे अशा दहा चांगल्या शूटर घेतल्या, तर त्यातली एक नोव्हेंबरअखेर हुबेहूब तुझ्या 'डी'वालीसारखी दिसेल. काहीही बिघडलेलं नसताना.

आता 'ए प्लस'कडे ये. शंभरात ३५ घालणारी मुलगी २० पैकी ११ किंवा जास्त घालते, असं शंभरातून पाचेक वेळा घडतं. विरळ आहे, पण अशक्य नाही. शिवाय हिच्या बाबतीत तुझ्याकडे तीन वर्षांचा पुरावा आहे, तो तू कंसात टाकून दिलास. ७८ आणि ११ मिळून ८९, २५० आणि २० मिळून २७०. टक्केवारी येते ३३. म्हणजे दर तीनमागे एक. तुझी 'ए प्लस' आणि तुझी 'डी' या दोघी कदाचित अगदी सारख्या शूटर आहेत, आणि तू त्यांना वर्गाच्या दोन टोकांना बसवलंस. परीक्षेत हे गणित तू चुटकीसरशी सोडवलं असतंस. पण डोळ्यांसमोर बॉल रिंगवर आपटून बाहेर येताना पाहिला, की भलेभले हे गणित विसरतात. मीही विसरले होते, ते पुढे सांगते.

सीझन संपेपर्यंतसुद्धा त्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या नावावर ८०च्या आसपास थ्री जमतील. तेवढ्यावरूनही तिच्या खऱ्या टक्केवारीचा अंदाज पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. तेव्हा आठ मॅचच्या थ्रीवरून कुणाचा निकाल लावायचाच नाही, हे आधी पक्कं कर.

सीझनच्या सुरुवातीला पाहायचं ते मुलगी स्वतः काय निवडते, कुठे उभी राहते, काय परत परत करते. बॉल गेला की नाही यात नशिबाचा वाटा मोठा. बॉल कधी मारला, कुठून मारला, की न मारता दुसरीला दिला, यात तिचा स्वतःचा वाटा मोठा, आणि ते चार-पाच मॅचमध्ये दिसायलाही लागतं.

तुझ्याच तक्त्यातला त्या 'डी'वालीचा फ्री थ्रोचा रकाना बघ. १७ पैकी १५. त्यावर तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस! फ्री थ्रो म्हणजे १५ फुटांवरून, समोर कुणी अडवायला नाही, घाई नाही. हाताची आणि मनगटाची तयारी तिथे सर्वांत निर्मळ दिसते. सतराच फेका आहेत, त्यामुळे त्यांनाही डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण फ्री थ्रो चांगले घालणाऱ्या मुली पुढे थ्रीही चांगले घालू लागतात, हा प्रशिक्षकांचा जुना अनुभव आहे. नवीन मुलीचा नेम पाहायचा, तर मी थ्रीच्या आधी हा रकाना बघते.

दुसरी गोष्ट रेषेची. अमेरिकेत शाळेच्या मैदानावर थ्रीची रेष १९ फूट ९ इंचांवर असते. कॉलेजच्या मुलींची रेष २०२१-२२च्या सीझनपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. ही मुलगी मे महिन्यात शाळेतून बाहेर पडली आणि नोव्हेंबरात तिला जवळजवळ अडीच फूट मागून मारावं लागतंय, तेही अंगाने भरलेल्या, बावीस वर्षांच्या मुली अंगावर धावून येत असताना. म्हणून तिचे चुकलेले अठरा बॉल व्हिडिओवर परत बघ आणि प्रत्येक बॉल कुठे लागला ते लिही. बहुतेक बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागत असतील, तर पायातली ताकद कमी पडतेय, अंतर अजून अंगवळणी पडलेलं नाही. तो दोष वेटरूममध्ये आणि सरावात सुटतो. बॉल डावीकडे-उजवीकडे भरकटत असतील, तर कोपर किंवा मनगट तपासायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. मागच्या कडेला लागून बाहेर येत असतील, तर मी फारशी काळजी करणार नाही. 'डी' या एका अक्षरात यातलं काहीच मावत नाही.

तिसरा रकाना मिनिटांचा. ही मुलगी सरासरी २४ मिनिटं खेळतेय, ४० मिनिटांच्या मॅचमध्ये! एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमाने सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत सराव घेता येतो. म्हणजे तुझी एक मॅच होते, तेवढ्यात कोच त्या मुलीला कितीतरी तास पाहते. १८ टक्क्यांनी मारणाऱ्या मुलीला ती निम्म्याहून जास्त वेळ मैदानावर ठेवते, याचा अर्थ तिला असं काहीतरी दिसतंय जे तुझ्या तक्त्यात नाही. ते शोधणं हे तुझं काम.

मला ते थोडंसं तुझ्या आकड्यांतच सापडलं. २९ असिस्ट, १४ टर्नओव्हर. एक बॉल घालवला, तर दोन बास्केट जुळवून दिल्या. पहिल्या वर्षाच्या गार्डसाठी हे चांगलं आहे. आता एक काम कर. त्या 'ए प्लस'वालीचे जे अकरा थ्री गेले, त्यांच्या आधीचा पास कुणाचा होता ते बघ. मला दाट शंका आहे, की त्यातले बरेच याच मुलीच्या हातून सुटलेत. तसं निघालं, तर तुझ्या प्रगतिपुस्तकात एकीने वाढलेलं ताट दुसरीच्या नावावर जमा झालंय.

समोर कोण होतं, हेही पाहायला हवं. तुझ्या सहा विजयांत दोन चाळीसहून जास्त गुणांनी मिळालेले आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत मोठी विद्यापीठं छोट्या विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर खेळायला बोलावतात, हे तुला तिथे कळलंच असेल. छोट्या कॉलेजांचा खर्च निघतो, मोठ्यांना विजय मिळतो. त्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरच्या मुली थकलेल्या असतात आणि निकाल केव्हाच लागलेला असतो. तिथले गुण मोजायचे, तर वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे सराव सामन्यातल्या शतकाला रणजीतलं शतक कुणी म्हणत नाही, तसंच हे. मी टीमला शिकवायचे, तेव्हा माझा नियम साधा होता. फरक पंचवीसच्या वर गेला, की वहीत रेघ मारायची आणि पुढचं रेघेखाली लिहायचं. उलट, ज्या दोन मॅच तुम्ही हरलात, त्या पुन्हा पूर्ण बघ. दमदार टीमसमोर कोण बॉल मागत होतं आणि कोण लपत होतं, ते त्या ऐंशी मिनिटांत दिसेल.

डिफेन्स मात्र तक्त्यात सापडणार नाही. चोरलेले बॉल आणि ब्लॉक मोजले, म्हणजे डिफेन्स मोजला असं होत नाही. त्यासाठी जागा बदल. पत्रकारांच्या टेबलावरून उठ आणि बास्केटच्या मागे जाऊन बस. मुलींच्या कॉलेज मॅचमध्ये दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, याचा फायदा घे. एका क्वार्टरला एकच मुलगी. बॉल कुठेही असो, तू फक्त तिच्याकडे बघायचं. एका मॅचला चार मुली, तीन मॅचमध्ये बारा. पहिली पाच मिनिटं फार जड जातील, कारण डोळे आपोआप बॉलमागे धावतात. मग हळूहळू दिसायला लागेल, की समोरची मारायच्या तयारीत असताना ही हात वर करून, छोटी पावलं टाकत पोहोचते की उडी मारून तिला वाट मोकळी करून देते. बॉल हवेत असताना बॉक्स आउट करते, म्हणजे समोरचीला पाठीने अडवून ठेवते, की मान वर करून बघत बसते. मागून वाट अडवायला येणाऱ्या मुलीची (स्क्रीनची) मैत्रिणीला हाक देते की गप्प असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, स्वतःचा थ्री चुकल्यावर पुढच्या तीन सेकंदांत काय करते. वळून धावते, की हात पसरून छताकडे बघते? या तीन सेकंदांवरून मी मुलींबद्दल जेवढं शिकले, तेवढं स्कोअरशीटवरून कधी शिकले नाही.

आता माझी चूक. मी नागपुरात एका कॉलेजच्या मुलींच्या टीमला अकरा वर्षं शिकवलं. एका वर्षी वर्ध्याकडची एक मुलगी आली. उंच, पायाने चपळ. पहिल्या चार मॅचमध्ये तिच्या हातून इतके पास निसटले, की मी माझ्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे दोन शब्द लिहिले, 'हात कच्चे'. रजिस्टर टेबलावर उघडंच असायचं. मुलींनी ते वाचलं. महिनाभराने आमची एक मॅच बंद हॉलमध्ये झाली आणि तिथे तिने एकही बॉल सोडला नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमचं सिमेंटचं मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं होतं, मॅच चारला सुरू व्हायची, आणि मी तिला ज्या बाजूला उभं करत होते, तिथे तिला मिळणारा प्रत्येक पास थेट उन्हातून यायचा. बॉल तिला दिसतच नव्हता. मी तिची जागा बदलली. पण तोवर तिने पास मागणंच बंद केलं होतं. मोकळी असली तरी हात वर करायची नाही. तो हात पुन्हा वर यायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. माझ्या त्या दोन शब्दांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुला सांगते, आज काय दिसलं ते लिहिणं वेगळं आणि मुलीला शिक्का मारणं वेगळं. याचं फार बोलकं उदाहरण तुझ्या त्याच देशात घडलंय. एप्रिल २०२३, डॅलस, कॉलेजच्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल. साउथ कॅरोलिना विद्यापीठाची टीम तोपर्यंत ३६ मॅच अपराजित. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने त्यांच्या रेव्हन जॉन्सनला थ्रीच्या रेषेवर मोकळं सोडलं आणि हाताने 'मारू दे हिला' अशी खूण केली. ती क्लिप जगभर फिरली. आयोवाने ७७-७३ने मॅच जिंकली. त्या एका संध्याकाळपुरता आयोवाचा निर्णय योग्यच होता. त्यांच्यापुढे पूर्ण सीझनचे आकडे होते आणि बास्केटखालची गर्दी वाढवायला एक मुलगी मोकळी सोडणं त्यांना भाग होतं. पण त्यावरून कुणी जॉन्सनची ग्रेड कायमची लिहून ठेवली असती, तर? वर्षभराने, एप्रिल २०२४मध्ये क्लीव्हलंडला हेच दोन संघ फायनलला आले. क्लार्कला अडवायची जबाबदारी जॉन्सनवर होती आणि तिने मैदानाच्या मध्यावर क्लार्कच्या हातातला बॉल काढून घेतला. साउथ कॅरोलिना ८७-७५ने जिंकली आणि ३८-० असा सीझन पूर्ण केला.

त्याच टीमची कमिला कार्डोसो बघ. २०२२-२३मध्ये ती बेंचवरून यायची, कारण तिच्या जागी अलिया बोस्टन होती. त्या सीझननंतर मॅच सुरू करणाऱ्या पाचही मुली टीममधून बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी कार्डोसो अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. बेंचवर बसलेल्या मुलीला 'सी' देताना तिच्या पुढे कोण उभी आहे, हे बघायचं असतं, ते यासाठी. तुझ्या यादीत दोन मुली सहा-सात मिनिटंच खेळल्यात आणि दोघींना तू 'सी मायनस' दिलास. त्यांच्याबद्दल अजून आपल्याला काहीच माहीत नाही. तसंच लिही.

एक मुलगी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परतलीय, असं तू तळटीपेत लिहिलंस. तिच्याबाबत तर फारच सबुरी हवी. युकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) अॅझी फडचा गुडघा नोव्हेंबर २०२३मध्ये दुखावला, ती वर्षभराने मैदानावर आली आणि डिसेंबरात पुन्हा त्याच गुडघ्यामुळे तिला काही मॅच बाहेर बसावं लागलं. नाताळच्या आधी तिचं प्रगतिपुस्तक काय निघालं असतं? एप्रिल २०२५च्या फायनलमध्ये तिने २४ गुण केले, युकॉनने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ने हरवलं आणि अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू तीच. परतलेल्या मुलीचे गुण मोजू नकोस. ती दोन्ही पायांवर सारखी उतरते का, दिशा बदलताना कचरते का, दोन दिवसांत दोन मॅच खेळवल्या तर दुसऱ्या मॅचला किती मिनिटं टिकते, एवढंच टिपून ठेव.

तर सोमवारचं काय? संपादकाला सांग, बारा अक्षरांऐवजी बारा छोटे परिच्छेद देते. प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी: आठ मॅचमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक, आणि जानेवारीत परत बघायची एक. कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांशी होणाऱ्या, मॅच रंगात आल्या, की तेच बारा परिच्छेद समोर ठेवून पुन्हा लिही आणि कुठे चुकलीस ते वाचकांना उघड सांग. वाचक अशा लेखकावर विश्वास ठेवतात. संपादक ग्रेडसाठी अडूनच बसला, तर टीमला दे. टीमचा डिफेन्स 'बी', रिबाउंड (चुकलेला बॉल पकडणं) 'सी', हे चालेल, तो भार बारा जणींच्या खांद्यांवर वाटला जातो.

त्या गार्डबद्दल मी असं लिहिलं असतं: "थ्री अजून बसत नाहीत, २२ पैकी ४. पण मारताना ती चुकीची जागा निवडत नाही, फ्री थ्रो १७ पैकी १५ आहेत आणि टीमचा बॉल तिच्या हातात सुरक्षित आहे. नव्या रेषेचं अंतर तिच्या पायांना कधी सवयीचं होतं, ते बघायचं." यात एकही आकडा लपवलेला नाही. ती रांगेत हसली म्हणून तिच्या अठरा चुका झाकायच्या नाहीत. बॉल घालवला, तर घालवला असंच लिहायचं. फक्त ते वाचून तिला उद्या सरावाला काय करायचं, ते कळलं पाहिजे.

मेसमध्ये परत भेटली, तर तू कोण आहेस ते तिला सरळ सांग. लपूनछपून बघणारीपेक्षा समोर येऊन प्रश्न विचारणारी तिलाही बरी वाटेल. विचारच तिला, की नव्या रेषेवरून मारताना अंगात काय वेगळं जाणवतं. माझा अनुभव आहे, मुली स्वतःच्या चुकलेल्या फेकांबद्दल जितकं बारकाईने बोलतात, तितकं कुणी बोलत नाही.

आणि आईला फोन कर. तिला सांग, नापास कुणालाच केलं नाही.

तक्त्याच्या खाली तू पुढच्या मॅचची तारीख लिहिलीस, गुरुवार आहे. बास्केटच्या मागे बस, पहिला क्वार्टर फक्त तिच्याकडे बघ. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागत होते की मागच्या, ते मला कळव.

— तुझी ताई